बोट उचलल्यावर

निवृत्त माणसाला लोक एक प्रश्न हमखास विचारतात, "तुम्ही नेमकं काय करत होतात?" बँकेतल्या किंवा शाळेतल्या माणसाची एका शब्दात सुटका होते. मी सांगते, "कीबोर्डवरची की दाबली की पडद्यावर काय व्हायला पाहिजे, ते मी ठरवत असे." समोरचा थोडा वेळ माझ्याकडे बघतो आणि मग मुलं काय करतात ते विचारतो.

मी मूळचीच धास्तावलेली बाई. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जाते आणि परत येऊन कुलूप ओढून बघते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला असा स्वभाव चांगला, अशी माझी पुष्कळ वर्षं समजूत होती. पण भीती वाटणं आणि काळजी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला नागपूरच्या महाल भागातल्या एका विणकराने शिकवलं. त्याची किंमत मात्र आधी त्यालाच मोजावी लागली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सीताबर्डीवर एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मालक वसंतराव, दोन पीसी, एक कूलर आणि मी. कूलर पीसीसाठी होता. माझ्याकडे वारा आला तर तो चुकून. आम्ही गिऱ्हाइकाला हवा तसा प्रोग्राम लिहून द्यायचो. माउस तेव्हा आम्ही फक्त मासिकातल्या चित्रात पाहिलेला. पडद्यावरच्या चौकटी, यादी, प्रश्नांच्या खिडक्या, सगळं मी रेघा ओढून स्वतः काढायची आणि त्या सगळ्याचा कारभार कीबोर्डवर चालायचा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, की दाबली की अक्षर उमटतं, त्यात काय एवढं! प्रत्यक्षात त्यात दोन घटना असतात. बोट खाली गेलं ही एक आणि बोट वर आलं ही दुसरी. कीबोर्ड दोन्ही वेळा आत निरोप पाठवतो. बोट दाबलेलंच राहिलं तर तोच निरोप भराभर पुन्हा पुन्हा जातो. प्रोग्राम दुसऱ्या कामात गुंतलेला असेल तर निरोप वाया जाऊ नयेत म्हणून मशीन ते रांगेत उभे करतं. त्या वेळच्या पीसीत ही रांग पंधरा जागांची होती. ती भरल्यावर आणखी की आली तर मशीन 'टूक' करून ओरडायचं आणि तिला बाहेरच ठेवायचं. प्रोग्राम मोकळा झाला की रांगेतला एकेक निरोप घ्यायचा आणि त्या क्षणी पडद्यावर जी चौकट पुढे असेल तिला द्यायचा. घोळ होतो तो इथे. की दाबताना पुढे एक चौकट असते, आणि निरोप पोचतो तेव्हा दुसरीच येऊन बसलेली असते. घर बदललेल्या भाडेकऱ्याचं पत्र नव्या भाडेकऱ्याने फोडावं, तसं होतं.

शिवाय माणसं कीबोर्डकडे येताना आपापले हात घेऊन येतात. एका सरकारी कचेरीतले टायपिस्ट प्रत्येक ओळीच्या शेवटी डावा हात हवेत नेऊन टाइपरायटरचा नसलेला दांडा ढकलायचे आणि मग ओशाळून इकडेतिकडे बघायचे. मला हसू यायचं. हातांच्या या सवयींचं फक्त हसूच करायचं असतं, असं तेव्हा वाटायचं.

महालातल्या विणकरांच्या एका सोसायटीचं काम आमच्याकडे आलं. लुगड्याचा काठ विणायचा तर आधी त्याची नक्षी चौकोनांच्या कागदावर मांडावी लागते. एक चौकोन म्हणजे एक धागा. भरलेला असेल तर धागा वर, रिकामा असेल तर खाली. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात आणि ते पत्ते मागावर चढतात. एक चौकोन चुकला तर ती चूक काठावर टीचभर अंतराने लुगडंभर दिसत राहते. सोसायटीला हे कागदाचं काम पडद्यावर हवं होतं. मला आनंद झाला, कारण मीही कोष्ट्यांच्याच घरची. फक्त माझ्या वडिलांनी माझ्या जन्माआधीच माग विकून पोस्टातली नोकरी धरली होती. आमच्या घरी विणकामाचा नुसता अभिमान उरला होता.

सोसायटीचं नक्षीचं काम डोमाजी काका करायचे. वय साठीच्या आतबाहेर, अंगात बंडी, कानात अत्तराचा फाया. त्यांच्या डोक्यात किती काठ होते ते कुणी मोजलं नव्हतं. पण दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. पेन्सिल चौकोनाबाहेर जायची, खोडरबराने कागद फाटायचा. सोसायटीच्या अध्यक्षांनी माझ्यासमोरच त्यांना सांगितलं, "डोमाजी, मशीनवर जमलं तर तुमची जागा तुमची. नाई जमलं तर मंग कांड्या भरा. काम कोणाचं थांबत नाई."

कांड्या भरणं म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसवायच्या नळ्यांवर सूत गुंडाळणं. विणकराच्या घरात ते काम बायका आणि म्हातारे करतात. डोमाजी काकांनी मान डोलवली. अध्यक्ष गेल्यावर मला हळूच म्हणाले, "पोरी, मशीनले थरथरता हात चालते ना वं?"

"चालतो काका. की दाबली एवढंच मशीनला कळतं. हात कसा होता ते नाही कळत," मी म्हणाले. हे उत्तर मला तेव्हा फार छान वाटलं होतं.

मशीन आम्ही सायकलरिक्षात घालून महालात नेलं. मे महिना, भर दुपार. मॉनिटर ओल्या धोतरात गुंडाळून मी मांडीवर घेतला होता. ओलं कापड का, तर गरम होऊ नये म्हणून. आत पाणी गेलं तर काय, हा विचार मला बडकस चौकात आला आणि तिथून सोसायटीपर्यंत मी रामरक्षा म्हटली.

प्रोग्राम देखणा झाला होता, हे मी आजही म्हणेन. डावीकडे चौकोनांची जाळी. उजवीकडे तोच काठ आठ वेळा एकाखाली एक, म्हणजे लुगड्यावर कसा दिसेल ते लगेच कळावं. एंटर दाबली की चौकोन भरायचा आणि बाण पुढच्या चौकोनावर सरकायचा. शेवटचा चौकोन भरला की मध्ये खिडकी उघडायची, 'पुढचा काठ?' ती अक्षरं मीच ठिपक्याला ठिपका जोडून काढली होती. एंटर म्हणजे हो. वीज कधीही जायची, म्हणून प्रत्येक ओळ संपली की आणि नवी जाळी उघडली की काम आपोआप फ्लॉपीवर उतरायचं. या शेवटच्या सोयीचा मला सगळ्यात जास्त गर्व होता.

डोमाजी काका पहिल्या दिवशी खुर्चीच्या टोकावर बसले. दुसऱ्या दिवशी पाठ टेकली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तू तिकडं बस. मी करून राहिलो ना." त्यांनी दुहेरी करवतीचा, म्हणजे करवतीसारख्या दातांच्या दोन ओळींचा, एक जुना काठ घेतला होता. त्याचा कागद कधीच गेलेला, त्यांच्या गुरूकडून तो फक्त त्यांच्या डोक्यात आला होता. चौकोन मोजताना ओठ हलायचे. की दाबायच्या आधी हात थरथरायचा, पण एकदा बोट कीवर टेकलं की स्थिर व्हायचं. मला त्यांच्याकडे बघून बरं वाटायचं.

एक गोष्ट मात्र खटकत होती. मी टकटक की मारून प्रोग्राम तपासला होता. काका की दाबून धरायचे. पडद्यावर हवं तेवढं भरलेलं दिसेपर्यंत बोट वर घ्यायचे नाहीत. मी म्हटलं, "काका, दाबून लगेच सोडा." ते म्हणाले, "अवं, मागाच्या पावडीवरचा पाय कोणी असा उचलते काय? धोटा पलीकडं पोचल्याबिगर पाय उचलला तं धागे तुटतेत. चाळीस वर्षं पाय दाबून उभा राहिलो, आता बोट दुसरं शिकते काय?"

कोष्ट्याच्या मुलीला हे माहीत असायला हवं होतं. मला नव्हतं. आमचा माग पोस्टात गेला होता ना!

प्रत्येक चौकोन उजवीकडेही आठ ठिकाणी काढायचा असल्यामुळे माझा प्रोग्राम सावकाश चालायचा आणि दाबून धरलेली की भराभर निरोप पाठवायची. रांग भरायची. काकांनी बोट उचलल्यावरही चौकोन भरतच राहायचे, पाच, सात, कधी बारा. काका निमूट मागे येऊन जास्तीचे पुसायचे. त्यांना वाटायचं, हात हलला. पहिले काही दिवस मलाही तसंच वाटलं. नवव्या दिवशी 'टूक' ऐकू आलं आणि मला सगळं लख्ख समजलं. हात नाही, माझी रांग.

त्याच संध्याकाळी वसंतरावांना सांगितलं. ते म्हणाले, "परवा कमिटी बघायला येणार आहे. आता प्रोग्रामला हात लावू नकोस. चालतंय ते मोडून बसशील." मालकाचं म्हणणं खोटं नव्हतं; घाईत केलेली दुरुस्ती नवी तीन दुखणी आणते. मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. फ्लॉपीची एक नक्कल करून ठेवू, असंही मनात आलं. दुसरी फ्लॉपी वसंतरावांनी दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी नेली होती. नवी आणायला बर्डीवर जायला हवं होतं. उद्या जाऊ म्हटलं.

कमिटी आली. अध्यक्ष, पाच सभासद आणि कोपऱ्यात वसंतराव. काकांनी धुतलेली बंडी घातली होती. काठाची एकच ओळ उरलेली, तीही सबंध भरीव, कारण काठाची कड तशीच असते. म्हणजे पहिल्या चौकोनापासून शेवटच्यापर्यंत नुसतं एंटर. काकांनी आजवर एवढा वेळ एंटर कधी दाबून धरली नव्हती. मी 'काका, टकटक मारा' म्हणणार होते. सात माणसांसमोर त्यांना शिकवायचं कसं, म्हणून गप्प बसले.

काकांनी बोट टेकवलं. चौकोन भरत चालले. सभासद पुढे वाकले. "वा डोमाजी, धावून राहिली ना गाडी!" कुणीतरी म्हणालं. 'टूक' झालं. पुन्हा 'टूक'. ओळ संपायला अजून दहाबारा चौकोन होते. काका आवाजाने दचकले आणि त्यांनी बोट वर घेतलं. सगळ्यांची नजर पडद्यावर होती, काकांचीसुद्धा. मी एकटी त्यांच्या बोटाकडे बघत होते. बोट हवेत होतं आणि चौकोन भरत होते.

ओळ संपली. 'पुढचा काठ?' ही माझी खिडकी उघडली आणि नीट वाचूही न देता मिटली. रांगेत उरलेल्या एका एंटरने तिला 'हो' म्हटलं होतं. पडदा कोरा झाला. फ्लॉपीचा दिवा लागला, आतून खरखर आली आणि कोरी जाळी त्याच नावाने जुन्या काठावर जाऊन बसली, कारण नव्या काठाला नवं नाव द्यायचं काम मी पुढे ढकललं होतं. कोऱ्या पडद्याच्या पहिल्या ओळीत आणखी दोनतीन चौकोन आपोआप भरले आणि थांबले. अकरा दिवसांचं काम गेलं.

पुढे वाकलेले सभासद मागे सरले. मग अध्यक्ष म्हणाले, "हात हालला वाटते, डोमाजी."

काकांनी आपला हात डोळ्यांसमोर धरला. तो थरथरतच होता. "हव," ते म्हणाले, "हाललाच असंन."

वसंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "पुन्हा भरता येईल." बस्स, एवढंच. त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि तेवढं खोटं मी आयुष्यात दुसऱ्यांदा बोलले नाही.

दुसऱ्या दिवसापासून डोमाजी काका कांड्या भरायला बसले. मशीनवर अध्यक्षांचा पुतण्या आला.

दुरुस्ती मला दीड दिवसात जमली, हेही लिहून टाकते. बोट वर आल्याचा निरोप आजवर मी वाचतच नव्हते. तो वाचायला लागले. तो आला की रांगेतलं उरलेलं सगळं फेकून द्यायचं. नवी खिडकी उघडली की तिच्या आधीच्या कीला तिथे प्रवेश नाही. आणि 'पुढचा काठ?'सारख्या, जाळी पुसणाऱ्या प्रश्नाला नुसत्या एंटरने मिळणारं उत्तर 'नाही'. आज कुणालाही हे सांगावं लागत नाही. मला ते कळायला एका माणसाची जागा गेली.

पुतण्याला शिकवायला मी महालात जायची तेव्हा ओसरीत कांड्यांच्या रहाटापाशी काका दिसायचे. त्यांच्या वागण्यात फरक पडत चालला होता. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरू लागले. सुपारी दुसऱ्याकडून कातरून घेऊ लागले. विचारलं तर म्हणायचे, "हाताचा भरोसा नाई राहिला पोरी." नुसता थरथरणारा हात त्यांनी दोन वर्षं सांभाळला होता. आता तो खोटा हात झाला होता, आणि तो मी केला होता. मला रात्री झोप लागेना. कीबोर्डकडे पाहिलं की हवेतलं बोट दिसायचं. पण सांगितलं तर सोसायटी पैसे देणार नाही, वसंतराव मला काढतील, वडील म्हणतील पोस्टाची परीक्षा दे. असे पाच आठवडे गेले.

एका दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी काकांना मशीनपाशी बोलावलं. जुना प्रोग्राम लावला. म्हटलं, "काका, एंटर दाबून धरा. टूक झालं की उचला."

त्यांनी उचललं. चौकोन भरत राहिले. ते हाताकडे बघत होते, मग पडद्याकडे, मग पुन्हा हाताकडे. पुन्हा दाबलं, पुन्हा उचललं आणि या वेळी मोठ्याने मोजलं. "पंधरा." तिसऱ्यांदाही पंधरा.

"मंग हात नाई हालला," ते म्हणाले.

"नाही काका. तुमचं बोट वर होतं. मी पाहिलं होतं."

"तुले तवाच माहीत होतं?"

"त्याच्या दोन दिवस आधीपासून."

ते खुर्चीवरून उठले. वाटलं, आता ते पाठीवर हात ठेवतील, जाऊ दे पोरी म्हणतील. खरं तर मी तेवढ्यासाठीच गेले होते, हे मला ते न मिळाल्यावर कळलं.

"हे मले काहून सांगून राहिली?" काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मले सांगून तुह्यं मन हलकं होईन. माह्यं काय होईन? तिथं सात जण होते. त्याइच्यासमोर गेली माही जागा. त्याइले सांग." आणि ते रहाटापाशी जाऊन बसले.

सोमवारी कमिटीची बैठक होती. वसंतरावांना न सांगता गेले. रांग, खिडकी, बोट, सगळं सांगितलं. अध्यक्षांना अर्धं कळलं. "म्हणजे मशीन खोटी?" त्यांनी विचारलं.

"मशीन नाही. चूक माझी. आणि मला माहीत होती."

एक सभासद म्हणाला, "मंग त्या दिवशी काहून नाई बोलली वं?"

"भ्यायले," मी म्हणाले.

डोमाजी काकांना आत बोलावलं. नव्या प्रोग्रामवर त्यांनी सगळ्यांसमोर एक ओळ भरली. मध्येच बोट उचललं, बाण जागच्या जागी थांबला. अध्यक्षांनी दोनदा पुन्हा करून बघायला लावलं. मग पुतण्याला म्हणाले, "तू उठ." वसंतराव मला त्या दिवशी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यांनी मला काढलंच असतं, पण तो प्रोग्राम वाचता येणारी नागपुरात मी एकटीच होते.

काकांनी दुहेरी करवतीचा काठ नऊ दिवसांत पुन्हा भरला. तो विणला गेला, विकलाही गेला. पुढची अडीच वर्षं सोसायटीच्या मशीनची देखभाल माझ्याकडे होती. आठवड्यातून दोनदा जायची. माझ्याशी ते बोलायचे, घरचा चिवडा द्यायचे, माझ्या लग्नात जेवून गेले. पण मी गेले की मशीनपुढे स्वतः बसायच्या आधी ते खुर्चीमागे उभे राहायचे आणि मला बसायला सांगायचे.

"दाब," म्हणायचे. मी एंटर दाबून धरायची. चौकोन भरत जायचे.

"आता उचल."

मी बोट वर घ्यायची. ते बाण थांबलेला बघायचे, माझं बोट हवेत आहे ते बघायचे, आणि मगच म्हणायचे, "हं. उठ." अडीच वर्षांत ते एकदाही विसरले नाहीत, आणि 'आज राहू द्या ना काका' म्हणायचं धाडस मला एकदाही झालं नाही.